सतरा मिनिटं बेचाळीस सेकंद

परभणीत दुपारी तीनला लाईट जाते.
त्याआधी एक टेप ऐकून होते, कशीबशी.
काडेपेटीहून जरा मोठी कॅसेट, वर सलीमोद्दीन सरांचं अक्षर:
उमरवाडी. सोजरबाई. वावरांची नावं. मार्च पंच्याण्णव.
गाव आता धरणाच्या पाण्यात. वावरंही.

आत ड्रम फिरतो, मिनिटाला दोन हजार फेरे,
त्यावर दोन हेड, पाळीपाळीनं वाचणारे.
एकाच्या डोळ्यात कचरा गेला
की अर्धे आकडे येतच नाहीत.
मशीन ओरडत नाही.
आधी हिशोब जुळवून पाहतं.
नाहीच जुळला तर अलीकडच्या-पलीकडच्या आकड्यांना विचारून
मधला ठोकून देतं,
जसा दोन भावांच्या मध्ये कुणी अंदाजानं धुरा ओढावा.
ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.
तेही जमेना, तर गप्प.
मला त्याचं हे गप्प बसणं बरं वाटतं. निदान खोटं नाही.

पहिल्या दिवशी नुसती टरटर, तव्यावर मोहरी तडतडावी तशी.
दुसऱ्या मशीनवरही तेच.
सरांना फोन केला. म्हणाले, अगं,
मानवतच्या रस्त्यावर लुनावरून पडलो होतो, मशीनसकट.
त्यानंतर ते माझ्याच टेपा वाचायचं,
दुसऱ्या कुणाच्या नाही.

म्हणजे वाकड्यानं लिहिलेलं वाकड्यालाच वाचता येणार,
आणि ते वाकडं तर कधीच भंगारात गेलं.
मग मी चांगल्या मशीनचं झाकण काढलं.
टेपच्या वाटेतला खांब केसभर फिरवला,
अजून केसभर,
बिघडवत गेले, बिघडवत गेले,
चुकांचा आकडा चारशेवरून नऊवर आला
आणि एक म्हातारी खोकली.

“लिवा. नदीकून सुरू करते. खारी.
तिच्या वर चिंचाळं. मंग सतीचा तुकडा.
मंग भुतावळ, तिथं भूत नाई, नुसत्या बोरी हायेत.
मंग गोसाव्याचं. मंग”

चार सेकंद काहीच नाही.

“मंग पांदीखालचं.”

हेड पुसलं. स्पिरिट, शामीचं कापड. परत. तिसऱ्यांदा.
चूक जागा बदलत असेल तर मशीनची,
एकाच जागी ठाण मांडून असेल तर टेपची,
नव्या पोरांना मीच शिकवते हे.
ही हलत नव्हती.
वहीत ‘दोष’ या रकान्यात लिहिलं:
सतरा बेचाळीस, चार सेकंद.

सोजरबाईची नात आली सेलूहून, मथुरा.
अंगणवाडीत असते. हेडफोन उलटा घातला, तसाच राहू दिला.
सतरा बेचाळीसला हसली.
“तिथल्या वावराला आजोबाचं नाव हाय.
ती कशी घेईल?”

परत लावली. या वेळी आकड्याकडे बघत.
बेचाळीस. चुका शून्य.
त्रेचाळीस. शून्य.
लांब कुठंतरी इंजिनाचा पट्टा फटफटतोय.
चव्वेचाळीसला बांगड्या वाजतात:
हातानं दाखवलं असणार तिनं,
आणि सर तिकडं बघत राहिले असणार, पेन धरून.
एवढं सगळं होतं तिथं.
आणि मी तीनदा पुसत बसले होते.

वहीतली ओळ खोडली.
तिच्या जागी काय लिहायचं
त्यासाठी छापलेला रकाना नाही.
मथुराला विचारलं, मग नाव काय त्या वावराचं?
तिनं सांगितलं.
तोवर तीन वाजून गेले होते,
मशीन बंद.