तळ्याकाठचे ताड

मंगळवार बाजारात, मैनुभाईच्या पोत्यावर
गंजक्या कड्या, बिनझाकणाचे डबे, एका काडीचा चष्मा,
आणि त्यांत हा कागद. चहाच्या रंगाचा,
कडा उंदरांनी वाचून काढलेल्या.
"घ्या की वो मास्तर, आपल्याच गावचा किल्लाय."
म्हटलं, माझ्या गावचा किल्ला मी ओळखतो.
"मग ओळख दाखवा आन् साठ रुपये द्या."

चाळीस वर्षं जॅकार्डची कार्डं ठोकली मी.
भोक, किंवा भोक नाही:
या दोनच अक्षरांत मोर लिहिले, कमळं लिहिली,
एकदा एका मंत्र्याचं नाव, खाली 'स्वागतम्'.
त्यामुळे चित्र मला उशिरा दिसतं,
आधी रेघा मोजतो.

बुरुजाची सावली म्हणजे आडव्या रेघांवर तिरप्या रेघा.
पाणी म्हणजे मध्येच सोडून दिलेली रेघ.
आणि आकाशातून एक पांढरा केस गेलाय,
सरळ, वरून खाली.
दोन दिवस मी त्याला घडी समजत होतो.
घडी नव्हती. लाकडाचे दोन ठोकळे तिथं जोडलेले.
अर्धं आकाश एकानं कोरलं, अर्धं दुसऱ्यानं,
आणि ढगांबद्दल दोघांचं जमलेलं नाही.

खाली इंग्रजीत 'शोलापूर', साल अठराशे
आणि पुढचं उंदराच्या पोटात.
तळं बरोबर आहे. बुरुज दोन जास्त.
पण काठावर हे ताड, एक नाही, नऊ!
त्यानं सोलापूर पाहिलं नसणार.
समोर कुणाचं तरी घाईतलं रेखाटन, डोक्यावर मुकादम,
"हिंदुस्थान आहे, ताड घाल."
मला राग येत नाही त्याचा.
मीही बर्फाचे डोंगर काढलेत चादरीवर,
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, मे महिन्यात,
घाम ग्राफवर पडू नये म्हणून गळ्यात टॉवेल.

लाकडात म्हणे सगळं उलटं कोरायचं.
आमच्याकडंही काही नक्ष्या पालथ्याच उतरायच्या,
सुलटी बाजू कापड खाली आल्यावर.

शेवटच्या ताडाखाली एक बाई आहे.
डोक्यावर काहीतरी. चेहऱ्याला जागाच नाही, तीन रेघा फक्त,
पण मान अशी, की ओझं भरलेलं आहे हे कळतं.
आई अशी जायची साखर पेठेतून,
वळलेल्या विड्यांचं सूप घेऊन, कारखाना बंद व्हायच्या आत.
आईचा फोटो एकच आहे, रेशनकार्डावरचा,
त्यात मान नाही.

पुतण्या श्रीहरी म्हणाला, काका, स्कॅन करून देतो,
डाग काढतो, ती पांढरी रेघ पण घालवतो.
मी कागद उचलून कपाटात ठेवला.
संध्याकाळी तळ्यावर गेलो,
नऊ ताड कुठं कुठं बसले असते ते पावलांनी मोजलं.
कणीसवाली विचारत होती, काय हरवलंय?

पुढच्या मंगळवारी मैनुभाईला म्हटलं, आणखी आहेत का असले?
"गठ्ठाच होता की वो. किल्ले, देवळं, हत्ती, बाया.
भजीवाल्यानं नेला."
"कुठल्या?"
"आता ते कसं सांगू?"

तेव्हापासून सोलापुरात
मी भजी थंड होईपर्यंत
कागद बघत बसतो.