कोपराची उंची

रबाळ्याच्या कारखान्यात
रजेचं रजिस्टर माझ्याकडे असतं.
कारणाच्या रकान्यात अकरा वर्षं
मी एकच शब्द लिहीत आलो: घरगुती.

कुंदा मढवी, घणसोलीची, पॅकिंगला.
मिनिटाला अठरा डब्या,
झाकण अंगठ्याने दाबायचं, टक्.
टक् आलं नाही तर डबी परत.

रात्री दोनला तिचा हात तिच्याआधी जागा व्हायचा.
थर्मामीटरचा पारा उतरवतात
तसा झटकत बसायची.
एकदा म्हणाली,
साहेब, कुकरचं झाकण लागत नाही हो आताशा.
मी म्हटलं, रिंग बदला.
दुसऱ्या दिवशी आणूनही दिली, चांगल्या कंपनीची.

मग कॅन्टीनमध्ये तिचा कप पडला.
पडला म्हणजे,
हातात कप आहे हे बोटांना कळलंच नाही.

ऐरोलीच्या डॉक्टरीणबाईंनी
कुठे दुखतं हे नंतर विचारलं.
आधी विचारलं, दिवसभर हात काय करतो?
कुंदाने उभं राहून करून दाखवलं:
खांदे कानाला, मनगट मुडपलेलं,
हवेतच टक्, टक्, टक्.
टेबल केवढं उंच?
तिला माहीत नव्हतं.
मलाही. रोज त्याच टेबलावर हजेरी घेऊन.

सोमवारी ती शेजारच्या शिंप्याची टेप घेऊन आली.
जेवणाच्या सुट्टीत नऊ बायका रांगेत,
चपला काढून, कोपरात हात दुमडून,
लग्नाचे ब्लाउज शिवायला टाकल्यासारख्या हसत.
आकडे मी लिहिले.
सदतीस इंच. साडेसदतीस. अडतीस.
नूरजहाँ सगळ्यांत उंच, एक्केचाळीस.
टेबल साडेत्रेचाळीस.

मॅनेजर म्हणाले, टेबलं कापायची
तर लाइन बंद ठेवावी लागेल,
आणि लाइन बंद ठेवायला कारण लागेल.

कारणाचा रकाना माझ्याच ताब्यात.
मागची पानं काढली.
घरगुती, घरगुती, घरगुती,
एकेकीला बोलावून विचारलं,
आणि लाल पेनाने दुरुस्त करत गेलो:
मनगट. खांदा. मनगट. अंगठा. मान.
सही केली. हात जरा कापला.

टेबलं आता खाली आली आहेत.
पाळीत दोनदा जागा बदलतात,
झाकणाला पायाने दाबायचा खटका आलाय.
कुंदा लेबलं मोजते.
तिच्या अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा
सपाट झाला तो झालाच.

परवा तिने ती रिंग परत आणून दिली.
पाकीट फोडलेलं नव्हतं.