आलेख कागदावरची बाग

एकतीस वर्षं जेकार्डसाठी फुलं काढली.
चौकोन भरला की धागा वर,
रिकामा ठेवला की खाली,
एवढंच माझं वनस्पतिशास्त्र.
कमळ बहात्तर घरांत बसायचं,
मोराला दोनशे लागायची,
आणि चादरीच्या एका टोकाला काढलेलं
दुसऱ्या टोकाला आपोआप उमटायचं.

विडी घरकुलातल्या घरामागं
बारा बाय अठराची जागा:
मुरूम, गंजके पत्रे, फुटकी सिंटेक्सची टाकी.
काम सुटल्यावरच्या पहिल्याच सोमवारी
कागद पसरला. एक चौकोन म्हणजे अर्धा फूट.
मधोमध गुलाब. चार कोपऱ्यांत शेवंती.
डावीकडं जास्वंद, म्हणून उजवीकडंही जास्वंद.
किनारीला झेंडू, काठ असतो तसा.

होटगी रोडच्या नर्सरीत शकूरभाईनं
कागद फिरवून फिरवून पाहिला.
"गाजूल मामा, ह्यात सूर्य कुठं काढलाय?"

नव्हताच काढला.
कारखान्यात ट्यूबलाइट असते.

मग एप्रिलातला एक अख्खा दिवस
डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसलो खुर्चीत.
सकाळी शेजारच्या टाकीची सावली नळापाशी.
बारा ते चार कुणाचीच नाही,
जमीन नुसती तव्यासारखी.
पाचला पश्चिमेच्या भिंतीची सावली
तागा सुटावा तशी उलगडत आली,
पण फार उशिरा.
गुलाब खोडला.
पश्चिमेला शेवगा लिहिला.

पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला.
"नीळ्ळु वच्चिनै!" गल्लीभर हाक फिरते,
दारोदार घागरी वाजू लागतात.
त्या हिशेबात झेंडूची ओळ बसेना.
नागमणीनं एक पाझरतं मडकं
शेवग्याच्या बुडाशी गळ्यापर्यंत पुरलं.
कुणी शिकवलं, विचारलं,
तर म्हणाली, गळत होतं, टाकायचं कशाला?

आता राहिली वाट.
मी आखली होती विटांची, काटकोनात वळणारी.
तिच्यावरून नागमणी एकदाही गेली नाही.
नळापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत
पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन ती तिरकी जायची,
थेट माझ्या शेवंतीवरून.
तीनदा सांगितलं.
चौथ्यांदा बोलायला म्हणून गेलो,
तर मुरमात चपलांनी रेघ पडलेली,
पांढुरकी, मध्येच जराशी डावीकडं कललेली.
तिचा उजवा गुडघा दुखतो,
हे मला कागदावर दिसलं नव्हतं.

विटा उचलल्या
आणि त्या रेघेवर मांडल्या.
कललेल्या जागी कललेल्याच.

परवा समोरचा अंबादास आला,
"मामा, आमच्या परसाचा नकाशा काढून द्या की."
त्याला म्हटलं, खुर्ची घेऊन जा.
कागद नंतर बघू.

फुटक्या टाकीच्या बुडात, कढीपत्त्याशेजारी,
काल काहीतरी उगवलंय.
दोन पानं. एक मोठं, एक बारकं.
मापात नाही. लूमवर असं झालं असतं
तर मालकानं आठवडा कापला असता.
अजून उपटलं नाही.