माझ्याकडे चालतं

मारेगावच्या लॅबमधला हा कॉम्प्युटर
सुरू होताना अजूनही हिरवा डोंगर दाखवतो.
असं गवत इकडे मे महिन्यात कुणी पाहिलेलं नाही.

रक्त तपासायचं मशीन फक्त त्याच्याशीच बोलतं,
नऊ पिनांच्या करड्या वायरीतून.
मशीनची कंपनी कधीच बुडाली.
नवा लॅपटॉप लावला, तर मशीन मुकं.

आणि सिकलसेलचे रिपोर्ट आता ऑनलाइनच पाहिजेत.
ते पान उघडायला नवा ब्राउझर,
आणि नवा ब्राउझर उंबऱ्यावरूनच म्हणतो,
या सिस्टिमवर मी चालत नाही.

वणीहून नितेश किन्नाके आला, खिशात पेनड्राइव्ह.
"मॅडम, लोकाईनं तोड काढली हाये यावर."
कोणत्या लोकांनी?
"थे नाई माहीत. एक जण रशियाचा म्हणतेत.
एकाच्या फोटोत नुसतं घुबड हाये."

साडेनऊपर्यंत बसला.
माझ्या डब्यातली भाकर मोडत समजावलं:
"नवा प्रोग्राम विचारते, तू कितवा?
हे फाइल मधात उभी राहून सांगते, दहावा.
खोटंच.
मंग थो जे मांगते, जे याच्यापाशी जन्मात नव्हतं,
थे हे जुन्या बोलीत मांगून आणून देते."

मला भीमबाई आत्राम आठवली.
दर मंगळवारी पोडावरच्या बाया घेऊन येते.
डॉक्टर विचारतात, किती दिवसांपासून दुखतं?
ती कोलामीत लांबच लांब काही बोलते,
समोरची हसते, पदर चावते, एक शब्द बोलते,
आणि भीमबाई सांगते, "पंधरा रोज."
मधे काय झालं, कुणी विचारत नाही.
रजिस्टरवर तिचं नाव नाही.

फाइलीसोबत इंग्रजीत चिठ्ठी होती, दोनच ओळी.
माझ्याकडे चालतं.
तुमच्याकडे चाललं नाही, तर मला शिव्या देऊ नका.

तीनदा अडकलं, मग चाललं.
रात्रीच पहिला रिपोर्ट गेला.
मी टाळीसाठी हात उचलला
आणि तेव्हा वाचलं: मुलगी, वय नऊ, पॉझिटिव्ह.
हात तसाच खाली घेतला.
नितेश वायर गुंडाळत राहिला.

मंगळवारी लाइट गेली, आली.
काळा पडदा, मग डोंगर.
भीमबाई बाकावरून उठून जवळ आली.
"हा डोंगर कुठचा वं बाई?"

मी म्हटलं, माहीत नाही.

ती वळली, आणि बाकावरच्या बायांना
ते कोलामीत सांगितलं.
बराच वेळ सांगत होती.