पाचशे शब्दांत

तुम्हाला व्हिएतनाममध्ये इंग्रजी का शिकवायचंय?
पाचशे शब्दांत लिहा.

हडर्सफील्डच्या लायब्ररीत, हीटरला पाय टेकवून
मी लिहिते: लहानपणापासूनच मला...
खोडते. लहानपणी तर मी
इंग्रजीच्या तासाला बाकाखाली चिंचोके मोजायचे.

'द' कुठे लावायचा, कुठे नाही,
अजून नेमकं सांगता येत नाही मला.
आमटीत मीठ पडतं तसा तो हाताच्या अंदाजानं पडतो,
एखाद्या दिवशी खारट होते इंग्रजी.

हे लिहू?
की बिस्किटांच्या कारखान्यातली ती रात्रपाळी,
हबेनला मी 'थ्रू' लिहायला शिकवलं,
पिठाच्या ट्रेवर, बोटानं,
आणि एरिट्रियाची ती बाई म्हणाली,
ही शेवटची दोन अक्षरं नुसती हजेरी लावतात,
ग्रॅहम सुपरवायझरसारखी.
त्या हसण्यात दोन डझन बिस्किटं उलटी गेली.

शब्द झाले एकशे नऊ.
मातृभाषेच्या रकान्यात लांबलचक यादी उघडते.
माओरी आणि मंगोलियनच्या मधे
मराठी, अंग चोरून बसलेली.
तिच्यावर टिचकी मारते.

पाच वाजले. लायब्ररीतले दिवे
एकेक करून विझू लागले.
पहिलं वाक्य अजून नाही.
हबेनचं नाव ठेवलं.
ग्रॅहमचं काढलं.