खाल्ल्या मिठाला

विन्सफर्ड गावाच्या पोटात मीठ आहे.
दीडशे मीटर खाली, लालसर, मातकट,
कुठल्याशा आटलेल्या समुद्राचं.
हिवाळ्यात ते रस्त्यांवर टाकतात, बर्फ धरू नये म्हणून.
कधी टाकायचं ते मी ठरवते, रात्रपाळीला बसून.

काम साधं आहे.
डांबरात पुरलेले तापमापक आकडे पाठवतात.
आकडा एकाखाली घसरला की मी डेपोला फोन करते,
ग्रॅहम लॉरी काढतो,
रस्ता खारवून झाला की कळवतो.
मग मी पुन्हा फोन करत नाही.
खरी अक्कल त्यात आहे:
पोचलं, एवढं कळलं की गप्प बसायचं.

डॉ. प्रिचर्ड म्हणाल्या, शरीरातही असंच.
मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी, ती फोन करते.
मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन, त्या लॉऱ्या सोडतात.
उत्तर रक्तातून वर पोचलं की फोन बंद.
"तुमच्याकडे," त्या म्हणाल्या, "डेपोच उरलेला नाही."
माझ्याच पहारेकऱ्यांनी तो
चोराचं घर समजून मोडला होता.

किती महिने, कोण जाणे.
लोणच्याचा खार मी वाटीने प्यायचे,
दुपारी तळहातावर मीठ घेऊन चाटायचे, दार लावून.
आई म्हणायची, खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं.
माझं अंग जागत नव्हतं.
खाल्लेलं मीठ लघवीवाटे निघून जायचं
आणि उठून उभी राहिले की खोली तिरपी व्हायची.

आणि मी काळी पडत होते.
ऑफिसात विचारलं, स्पेनला जाऊन आलीस का?
विभाताई व्हिडिओवर म्हणाली, काळवंडलीस गं, काहीतरी लाव.
तळहाताच्या रेषा शाईने भरल्यासारख्या,
हिरड्यांवर जांभळं खाल्ल्याचे डाग,
कोपरं, गुडघे, अपेंडिक्सचा जुना व्रण.
कुणालाच कळलं नाही की ही हाक आहे.
वरची ग्रंथी फोन करत होती. उत्तर नाही.
पुन्हा करत होती, मोठ्याने, रात्रंदिवस,
आणि त्या हाकेच्या गाठोड्यातच
रंगाची पुडी बांधलेली असते म्हणे.
ओ न मिळालेली हाक
माझ्या कातडीवर उमटत गेली.

जानेवारीतल्या एका पहाटे ग्रॅहमला फोन गेलाच नाही.
तो जिने चढून वर आला. मी खुर्चीखाली,
शेजारी ओकारी, स्क्रीनवर उणे तीन.
त्याने आधी ॲम्ब्युलन्स बोलावली,
मग कुणाला न विचारता लॉरी काढली
आणि क्रूच्या हॉस्पिटलपर्यंत
माझ्या पुढे मीठ टाकत गेला.

आता सहाला गजर. पांढरी गोळी, दहा मिलिग्रॅम.
तुमची पहाट तुमच्या आतच होते,
डोळे उघडण्याआधी तासभर कुणीतरी चूल पेटवून ठेवतं.
माझी मी पाण्याबरोबर गिळते
आणि ती उजाडेपर्यंत पडून राहते.
दुपारी पाच, संध्याकाळी अडीच,
मीठ धरून ठेवायला एक वेगळी, इवलीशी.
ऑक्टोबरात देशभर घड्याळं मागे घेतली
तेव्हा माझी पहाट तासभर उशिरा आली.
मी भिंत धरून न्हाणीघरात गेले.

गोळीला एक गोष्ट येत नाही: प्रसंग ओळखणं.
ताप चढला, हाड मोडलं,
रात्री अडीचला कुणी गेल्याचा फोन आला,
तर तुमच्या टोप्या विचारत बसत नाहीत, ओतू लागतात.
माझी मात्रा मात्र कालच मोजून डबीत ठेवलेली.
म्हणून मी स्वतःकडे आता रस्त्यासारखी बघते.

आज ए-चोपन्नवर शून्य पूर्णांक आठ.
फोन केला.
"निघालो," ग्रॅहम म्हणाला. "आणि तुझं किती?"
काखेतला थर्मामीटर काढला. अडतीस पूर्णांक चार.
"दुप्पट," म्हटलं,
आणि डबी उघडली.