नसलेला मजला

घरफाळ्याचं बिल आलं
त्याच दिवशी समोर अतिग्र्यांच्या गच्चीवर
तिसरी पाण्याची टाकी चढली.
चार पोरं दोर ओढत होती,
विलासराव खालून ओरडत होते,
"डावीकडं घ्या रं, सावकाश."
मी फॉल लावत होते. दोरा तुटला.

माझ्या बिलावर दोन ओळी असतात.
पहिली, निवासी.
दुसरी, वाणिज्य, शंभर चौरस फूट.
ही दुसरी मीच लिहून घेतली.
मोजणीवाला आला तेव्हा मशीन झाकायला
चादर होती हाताशी.
झाकली नाही. म्हटलं, इथं पिको होतो,
सणासुदीला ब्लाऊजही शिवते.
त्यानं टेप लावली.
तेव्हापासून प्रत्येक साडीच्या काठामागं
थोडी महापालिका शिवते मी.

समोरचं घर वहीत अजून पत्र्याचंच आहे.
तळमजला, मातीच्या भिंती, वापर स्वतः.
वहीत त्या पत्र्यावर अजून दोडक्याचा वेल असेल,
विलासरावांची आई चुलीपुढं खोकत असेल.
बाहेर मात्र तीन मजले,
आणि जिन्यात
रात्रपाळीहून आलेल्या भाडेकरूंच्या बुटांची ओळ.

अर्ज लिहायला घेतला.
"मा. करनिर्धारक यांस" इथवर अक्षर सरळ आलं.
मग अडलं.
शेजारी म्हणू, की सदर मिळकतधारक?

त्या ऑगस्टात पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली,
गल्लीत, मग उंबऱ्यात, मग मशीनच्या पायट्याशी.
शालननं वरून हाक मारली,
"ये गं वर, मी चहा टाकतो."
मशीनचं डोकं सदर मिळकतधारकानं खांद्यावर घेतलं.
सहा रात्री आम्ही सातजण
त्या मजल्यावर झोपलो
जो महापालिकेच्या मते नाही.
बोटीतून दुधाच्या पिशव्या आल्या, तेव्हा
त्या नसलेल्या खिडकीतून मी हात बाहेर काढला.
पंचनाम्याला माणूस आला,
त्याला भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली.
तुम्ही कुठं होता, हे त्यानं विचारलं नाही.

पण पोरगी माझी मनपाच्या शाळेत शिकवते.
छत गळतं म्हणून
तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात,
आणि मधे बादली.
ती म्हणते, आई, निधी नाही.
निधी कुठं राहतो, मला ठाऊक आहे.
समोर राहतो. गच्चीवर टाक्या चढवतो.
श्रावणात प्रसादाचा शिरा पाठवतो,
आणि तूप, खोटं कशाला बोलू,
हात न आखडता.

काल शालन साडी घेऊन आली,
लेकीच्या डोहाळजेवणाची, मोरपंखी.
"किती गं?"
"ऐंशी."
"शेजारणीलाबी ऐंशी?"
"वाणिज्य दर आहे," मी म्हटलं.
ती खळखळून हसली.
तिच्या कोपराखाली मापांची वही होती,
वहीत घडी घातलेला अर्ज.
कोपर उचललं तेव्हा कागदाचं टोक बाहेर आलं.
तिनंच ते बोटानं आत सारलं,
न बघता, चुकार दोरा सारावा तसं.

रात्री जेवण उतरलं नाही. समोर गेले.
विलासराव पायरीवर बसून सुपारी कातरत होते.
म्हटलं, "घरफाळा किती येतो हो तुम्हाला?"
अडकित्ता थांबला.
"आईच्या नावावर आहे अजून, वहिनी."
"मग आईंना सांगा की,
मजले वाढलेत म्हणून."

ते हसतील असं वाटलं होतं.
हसले नाहीत. वर बघत राहिले.
नवी टाकी भरून वाहत होती,
धार तिसऱ्यावरून दुसऱ्यावर,
तिथून पत्र्यावर, जो आता नाही,
आणि गल्ली ओलांडून माझ्या पायरीशी.
"मोटर बंद करा रं," ते म्हणाले, पण हळू,
कुणाला ऐकू जाणार नाही इतकं.

अर्ज वहीतच आहे.
तीस जूनपर्यंत भरलं तर सवलत मिळते,
माझ्या बिलाखाली बारीक अक्षरात छापलंय.
तेवढीच मुदत त्यांनाही दिली आहे.
त्यांना ती सांगितलेली नाही.
एक जुलैला मी काय करीन,
हेही कुणी मला सांगितलेलं नाही.
मोरपंखीला फॉल लावते आहे.
टाके बारीक घालते,
बाहेरून दिसू नयेत असे.